फ्रिजवरच्या दोन याद्या

३ फेब्रुवारी, सोमवार

टूथपेस्टचं टोपण उघडेना. शेवटी दातांत धरून उघडलं. दिवसभर लोकांसाठी कवळ्या बनवणारी बाई, आणि स्वतःच्या दातांशी ही वागणूक! नशीब, कोणी बघितलं नाही.

बोटं नऊपर्यंत लाकडाची असतात. दहाला जरा सैल. अकराला माझी होतात. कामावर हजेरी मात्र साडेआठला. माझं काम मेणात दात बसवायचं — एकेक दात उचलायचा, सुरीने मेण तापवायचं, हिरडीच्या रेषेत तो रोवायचा — आणि पहिले दोन-अडीच तास मी दुसऱ्याच कुणाचे तरी हात घेऊन बसलेली. मेणाच्या पट्ट्या मऊ करायला टेबलावर गरम पाण्याचं भांडं असतं, त्यात गुपचूप बोटं बुडवते. शेजारच्या टेबलावरची, दात भट्टीत भाजणारी भट्टीवाली बघते. बोलत नाही. देव तिचं भलं करो.

नणंदबाईंनी फर्मान काढलंय — "खाल्लेलं सगळं लिहून काढ, शत्रू कोण ते आपोआप सापडेल." म्हणून ही वही. तर लिहिते. सकाळी पालक-बीटचा रस, मोठा पेला. भिजवलेले बदाम, वीस. दूध बंद, दही बंद, गहू बंद, साखर बंद, बटाटा-टोमॅटो बंद. थोडक्यात, तोंड बंद! शिवाय त्यांनी पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल सकाळी तीन, संध्याकाळी तीन, आणि क जीवनसत्त्वाच्या त्या भल्यामोठ्या गोळ्या. त्यांचे गुडघे यानेच बरे झाले म्हणे. मी म्हटलं, तुमचे गुडघे वेगळे, माझा आमवात वेगळा. तर म्हणाल्या, "शंका घेतली की गुण येत नाही गं." झालं! म्हणजे गुण नाही आला तरी दोष माझाच.

रस मनी काढून देते. आमची लेक, तेवीस वर्षांची. लहानपणापासून मांजरासारखी, घरात आहे की नाही कळत नाही, म्हणून मनी. केस कापायच्या पार्लरात काम करते. हात असा चालतो पोरीचा, की बघत राहावं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गोळीचा वार. घेतली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही.

या वहीत तरी खरं लिहावं, नाहीतर वही कशाला. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सात महिन्यांपूर्वी आमवातावर गोळी दिली. आठवड्यातून एकदाच, दर मंगळवारी. पहिल्या मंगळवारी खोक्यातला कागद उलगडला, तो टेबलभर झाला. यकृत, फुप्फुसं, केस, तोंडात फोड... वाचता वाचता आईचं तोंड डोळ्यांसमोर आलं. आईलाही हेच दुखणं होतं. तिला कुणीतरी कसल्याशा गोळ्या दिल्या आणि ती त्या वर्षानुवर्षं खात राहिली, कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही. तोंड भोपळ्यासारखं सुजलं. कातडी कागदासारखी झाली. आणि एक दिवस नुसती खुर्चीतून उठली तर मांडीचं हाड मोडलं. मग ती उठलीच नाही. मी एकोणीस वर्षांची होते.

ही गोळी ती नव्हे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलंय, मला कळलंय. पण खोकं हातात घेतलं की आईची ती खुर्ची दिसते, त्याला काय करू?

सगळी पाकिटं माझ्या जुन्या डब्यात आहेत, दातांच्या रंगांचे नमुने ठेवते त्यात. हे दर मंगळवारी विचारतात, "घेतलीस?" मी म्हणते, "घेतली." सत्तावीस वर्षांच्या संसारात इतक्या सरळ तोंडाने खोटं कधी बोलले नव्हते.

आणि गंमत म्हणजे, गोळी बाधत नाही ना हे बघायला दर महिन्याला रक्त तपासतात. रिपोर्ट लख्ख! बाई खूश — "बघा, सोसतेय की तुम्हाला!" न खाल्लेली गोळी कुणाला नाही सोसणार?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलातून काल आले.

बुधवारी जेवणानंतर खालच्या जबड्याच्या दाढा बसवत होते. पाठीत डावीकडे कुणी सुरी खुपसली! खरंच मागे वळून बघितलं मी. तीच कळ मग पोटात, तिथून जांघेत. बसवेना, उभं राहवेना, आडवं होववेना. प्लॅस्टर धुवायच्या मोरीत उलटी केली. भट्टीवाली सांगते, मी ओरडत होते, "यापेक्षा बाळंतपण बरं!" आणि मालक, एवढे धिप्पाड मालक, पांढरेफटक होऊन दाराशी उभे होते. तिनेच गाडी बोलावली, तिनेच नेलं.

मूतखडा. सहा मिलिमीटरचा एक नळीत अडकलेला, आणि डाव्या किडनीत आणखी दोन बारके बसलेत, ते वेगळेच. सहा मिलिमीटर म्हणजे केवढा ते मला कुणी सांगायला नको. खालचा पुढचा दात तेवढाच रुंद असतो. एवढा दात त्या नळीतून!

किडनीचे डॉक्टर तरुण आहेत, रंगीबेरंगी मोजे घालतात. मी मनात त्यांचं नाव मोजेवाले ठेवलंय. म्हणाले, "रोज तीन लिटर पाणी. मीठ कमी. आणि त्या दुखण्यावरच्या गोळ्या बंद, किडनीला झेपायच्या नाहीत." दुखण्यावरच्या गोळ्या बंद! माझा तेवढाच तर आधार होता. मी विचारलं, मग बोटांचं काय? "ते तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना विचारा." किडनी माझीच, बोटंही माझीच — पण या दोघांची गाठ कधी पडायची नाही.

"आणखी काही औषधं घेता?" असंही विचारलं त्यांनी. हे शेजारीच उभे. मी म्हटलं, "आठवड्याची गोळी." पुन्हा खोटं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून!

२३ फेब्रुवारी, रविवार

आता फ्रिजवर दोन याद्या. एक नणंदबाईंची, हाताने लिहिलेली, तीन रंगांत. दुसरी मोजेवाल्यांची, छापील.

पहिली म्हणते पालक खा. दुसरी म्हणते पालक विष. पहिली म्हणते बदाम, दुसरी म्हणते बदाम नको, बीट नको, चॉकलेट नको, काळा चहा कमी. दुसरी म्हणते दूध-दही बेताने घ्या, पहिली म्हणते दुधाने सांधे पेटतात. मनी समोर उभी राहून दोन्ही वाचत होती. म्हणाली, "आई, या दोघांचं लग्न लावलं तर घटस्फोट संध्याकाळीच."

मी काय केलं, सरळ तिसरी यादी केली. दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं, तरी नको. आमच्या कामात असंच असतं — कवळी कुठे उंच लागतेय अशी शंका आली की घासून टाकायची. शिल्लक राहिलं ते असं: भात, कोबी, फ्लॉवर, काकडी, सफरचंद, पाणी. कॅप्सूल चालू. त्या काही खाणं नव्हेत, दोन्ही याद्यांत नाहीत.

हे वीजमीटर वाचायला दारोदार हिंडतात, त्यामुळे घरातही सगळ्याचं रीडिंगच घेतात. तिसरी यादी वाचून म्हणाले, "अगं, सशालासुद्धा यापेक्षा जास्त मिळतं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी खडा पडला. लघवी गाळायला घेतलेल्या चहाच्या गाळणीत. एवढासा, काटेरी, तपकिरी. यासाठी नऊ दिवस!

६ मार्च, गुरुवार

तीन लिटर पाणी. सांगायला सोपं. आमच्या कामाच्या जागी संडास दोन मजले खाली. बत्तीस पायऱ्या. घोटे सुजलेत, एकेक पायरी कठडा धरून, आडव्या पावलाने. उतरायला पाच मिनिटं, चढायला आठ. दिवसातून सहा वेळा! आज मालक घड्याळाकडे बघत होते. 

मग दुपारनंतर पाणीच प्याले नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. संध्याकाळी यांनी विचारलं, "आजचं रीडिंग?" मी सांगितलं, "पावणेतीन लिटर."

खोट्याचंसुद्धा व्यसन लागतं वाटतं.

१५ मार्च, शनिवार

वजन सहा किलोने उतरलं. भट्टीवाली म्हणते, चेहरा पार उतरला. नणंदबाई फोनवर म्हणतात, "छान! विष बाहेर पडतंय." त्यांना म्हटलं, विष बाहेर पडतंय तर उजव्या हाताचं पहिलं बोट वांग्यासारखं का दिसतंय? "तू मनापासून करत नाहीस."

मनापासून! तीन आठवडे कोबी खातेय मी. स्वप्नात काल पाव-लोणी आलं, आणि मी खाल्लं नाही. स्वप्नातसुद्धा खाल्लं नाही!

मनीने माझ्या बुटांना नाड्यांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून आणली. दाराशी ठेवले. मला रडू आलं. रडतानाही हातरुमालाची घडी उलगडेना, शेवटी बाहीने पुसलं.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते.

एक निवृत्त मास्तर आहेत, बायको गेल्यापासून एकटे. त्यांची पूर्ण कवळी मी बसवली होती. ती परत आली. डावीकडच्या दाढा उंच. आठ दिवस ते तसेच चावत होते, हिरडी सोलून निघाली, आणि बिचारे म्हणत होते, "माझीच हिरडी खराब असेल." मालकांनी साचा माझ्यापुढे ठेवला. मी पट्टी लावून बघितली. दीड मिलिमीटर! दीड! आमच्यात केसाएवढा फरक जिभेला कळतो. बावीस वर्षांत माझं काम असं परत आलं नव्हतं.

कसं झालं ते मला माहीत आहे. सकाळचं काम होतं. डावी बाजू मी नऊच्या आधी बसवली. बोटाला कळलंच नाही.

"होतं असं बाई," मालक म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ एप्रिल, बुधवार

टेबल गेलं.

मालकांनी नीट बोलावून, खुर्ची देऊन सांगितलं. "थोडे दिवस पुढे बसा, बाई. दवाखान्यांतून मापं येतात, ती घ्यायची, चिठ्ठ्या लावायच्या. बोटांना आराम." थोडे दिवस! मी या धंद्यात काही आज आलेय का? पुढे बसवलेला माणूस परत मागे येत नाही. त्या खुर्चीत आधीचे पॉलिशवाले काका बसायचे, डोळे गेल्यावर. तिथूनच ते घरी गेले.

माझी सुरी भट्टीवालीकडे दिली. ती म्हणाली, "सांभाळून ठेवते, परत मागशील तेव्हा देते." मी हो म्हटलं. दोघींनाही माहीत होतं.

दुसरं मला येतं काय? नुसती मापं बघून सांगते मी, हा माणूस कसा हसत असेल. माझ्या हातचे दात घालून लोकांनी जेवणं केली, भांडणं केली, नातवंडांचे पापे घेतले. आणि आता मी चिठ्ठ्या चिकटवणार! चिठ्ठीसुद्धा मागचा कागद नखाने सोलल्याशिवाय चिकटत नाही. ती सोलायला मला अर्धं मिनिट लागतं.

२२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा खडा. पुन्हा हॉस्पिटल, सुई, सलाइन. आधी आत होते त्यातला हा नाही, नवाच आहे. मोजेवाल्यांच्या कपाळाला आठ्या — "दोन महिन्यांत नवा? खाता तरी काय तुम्ही?"

कोबी! कोबी खाते मी, डॉक्टर!

३० एप्रिल, बुधवार

चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायची होती. पाच लिटरचा नारिंगी कॅन. कामावर घेऊन गेले, कापडी पिशवीत घालून. दारात माप घेऊन आलेल्या दवाखान्याच्या माणसाने विचारलं, "सरबत वाटप आहे का?" भट्टीवाली हसून हसून खाली बसली. मीही हसले. महिनाभरात पहिल्यांदा. मग बत्तीस पायऱ्या उतरताना हसू गेलं.

७ मे, बुधवार

सगळं संपलं. म्हणजे सगळं फुकट गेलं.

रिपोर्ट घेऊन आज हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. लघवीत ऑक्सलेट म्हणून काहीतरी असतं, त्याचाच खडा होतो, ते माझं दुपटीहून जास्त. "पालक? बदाम?" "फेब्रुवारीपासून शिवले नाही." "दूध?" "थेंब नाही." त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, दूध-दह्यातलं कॅल्शियम ते ऑक्सलेट पोटातच बांधून बाहेर काढतं. दूध तोडलं की ते सगळं थेट किडनीत. "यादीत दूध घ्या असं लिहिलंय ना?" लिहिलंय. पण दुसऱ्या यादीत नको लिहिलंय!

मग विचारलं, "खाण्याव्यतिरिक्त काही? पावडरी, कॅप्सूल?" मी म्हटलं, "औषध नाही हो, नुसती हळद. आणि क जीवनसत्त्व." "किती?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हळदीतही ऑक्सलेट असतं. भाजीत चिमूटभर हळद वेगळी आणि रोज सहा कॅप्सूल वेगळ्या. ते क जीवनसत्त्वही एवढ्या मोठ्या मात्रेत शरीरात ऑक्सलेटच होतं. डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

का नाही सांगितलं? औषध नव्हेत म्हणून औषधांत सांगितल्या नाहीत. खाणं नव्हे म्हणून खाण्यात सांगितल्या नाहीत. खडा मीच बनवला. रोज सकाळ-संध्याकाळ, नेमाने, पाण्याबरोबर. दात बनवायचं काम काढून घेतलं तर घरबसल्या हे बनवत होते!

"आणि या सगळ्याने सांधे बरे होतात का?" मी विचारलं. त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "चांगलं खाल्लं तर शरीराला मदत होते. पण आमवात नुसत्या खाण्याने थांबत नाही. त्याला औषध लागतं. ते तर तुम्ही घेताच ना?"

मी मान हलवली. होकारार्थी.

८ मे, गुरुवार

नणंदबाईंना फोनवर सांगितलं. "डॉक्टरांना आपलं दुकान चालवायचं असतं," म्हणाल्या. मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी मी ठेवला. हे ऐकत होते. कॅप्सूलच्या बाटल्या उचलल्या आणि केराच्या डब्यात टाकल्या. एरवी बहिणीविरुद्ध ब्र काढत नाहीत.

राग तरी कुणावर काढू? त्यांनी मनापासून दिलं. मी मनापासून खाल्लं. आणि तेलही गेलं, तूपही गेलं.

१३ मे, मंगळवार

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हातांचा नवा एक्स-रे. उजव्या पहिल्या बोटाच्या मुळाशी हाड झिजलंय. पडद्यावर दाखवलं — कडेला कुरतडल्यासारखं. "हे आता भरून येत नाही. पुढचं तेवढं थांबवता येईल."

मग म्हणाल्या, "दहा महिने गोळी घेताय आणि फरक नाही. म्हणजे कमी पडतेय." आणि मात्रा वाढवली! जी गोळी मी कधी घेतलीच नाही, तिची मात्रा वाढवली! किडनीच्या तपासण्या चाळून, हिशेब करून, किती विचार करून चिठ्ठी लिहीत होत्या. मी समोर बसून बघत होते. तोंड उघडायला तेव्हाच जागा होती. "बाई, मी खोटं बोलले" — चार शब्द. जिभेवर आले होते. तेवढ्यात हे म्हणाले, "एक मंगळवार चुकवत नाही हो ती, मी विचारतो ना दर वेळी."

आता कसं सांगू? कुणाला सांगू? त्यांच्या तोंडावर?

१५ मे, गुरुवार

काही नाही. उठले, गेले, चिठ्ठ्या चिकटवल्या, आले. दुधाचा अर्धा पेला प्याले. चव विसरले होते.

१८ मे, रविवार

मनीवर ओरडले. नको इतकी.

ती महिन्याभरापासून पार्लरात काउंटरवर बसते, असं आज बोलता बोलता कळलं. पैसे घ्यायचे, फोन घ्यायचे. कात्री सोडली! मी विचारलं, का? म्हणाली, "कंटाळा आला." कंटाळा! मालकिणीशी भांडलीस का? नाही. पगार कमी केला का? नाही. "सांगितलं ना आई, कंटाळा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मला काउंटरवर बसवलंय कारण माझे हात गेले. तुला काय झालंय? धडधाकट हात आहेत आणि बसून राहायचं? माझ्याकडे असे हात असते ना, तर मी मरेपर्यंत काम सोडलं नसतं! कळत नाही तुला काय आहे तुझ्याकडे!" आणखीही बोलले. आळशी म्हटलं. कृतघ्न म्हटलं. ती ऐकत उभी राहिली, हात पाठीमागे घेऊन.  मग आत गेली.

हे म्हणाले, "एवढं लागेल असं कशाला बोलावं?" लागू दे. मला नाही लागत? माझ्या घरात दोन चांगले हात होते, तेही वाया.

२० मे, मंगळवार

डबा काढला. गोळी तळहातावर घेतली. पिवळी, मसुराएवढी. एवढीशी! पाण्याचा पेला भरला, ओठांपर्यंत नेला. आई दिसली. खुर्चीतून उठताना.

परत ठेवली. बेचाळीस मंगळवार झाले असतील. धीर नाही माझ्यात, एवढंच. आहारबिहार सगळं निमित्त होतं. त्या दोन याद्यांमागे लपले होते मी. दोन्ही फाडून टाकल्या आज, आणि आता फ्रिजचं दार नुसतं पांढरं दिसतंय आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही.

हे आले. "घेतलीस?" मी म्हटलं, "हो."

२४ मे, शनिवार

मनी अजून बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते. भांडली असती तर बरं. उद्या सुट्टी आहे, तिच्याशी बोलेन. माफी मागेन. आई असले म्हणून काय झालं.

२५ मे, रविवार

सकाळी माफी मागायला मनीच्या खोलीत गेले. पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होती. पहिलं बटण लागेना. मी दारात उभी राहून बघितलं — ती कशी अंगठ्याने ढकलतेय, बोट कसं वाकवत नाहीये. हे मला कुणी शिकवायला नको. जाऊन हात धरला. पहिल्या दोन बोटांची मुळं गरम, फुगलेली. दोन्ही हातांची.

"किती दिवस?" "सहा महिने." "अगं, मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? मला का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "मला माहीत आहे आई, तू गोळी घेत नाहीस. डबा बघितलाय मी. मला वाटलं, तूच घेत नाहीस म्हणजे ती घेण्यासारखी नसणार."